सात गुंठे, चोवीस वर्षं आणि 'खेळाचे मैदान'

सातगुंठे : विकास आराखड्यात आमच्या जमिनीवर 'खेळाचे मैदान' असं आरक्षण पडलं तेव्हा मी दहावीत होतो. आता मुलगी दहावीत आहे. मैदान नाही, मोबदला नाही, बांधकाम परवानगीही नाही. कर्ज मागायला गेलं की बँक झोन दाखला, म्हणजे जागेवर कोणतं आरक्षण आहे ते सांगणारा कागद, पाहते आणि फाईल परत करते. पालिकेला जागा हवी असेल तर घ्या ना, पण घ्या तरी! नकाशात रंग भरून अडकवून ठेवायचा हक्क कुणी दिला?

हिरवा पट्टा : कायद्याने दिला. 1966 च्या नगररचना अधिनियमात कलम 127 तुमच्यासाठीच आहे. आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली की खरेदीची नोटीस द्या. मुदतीत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत, म्हणजे आपोआप संपलं. आरक्षणंच नसती तर शाळा-मैदानं कुठे झाली असती? गच्चीवर?

सातगुंठे : 127 पाठ आहे हो. नोटिशीनंतरची मुदत आधी सहा महिने होती, मग बारा, 2015 पासून चोवीस. दर वेळी सवलत कोणाला मिळाली ते बघा. बरं, नुसता ठराव करून पाठवला म्हणजे पाऊल उचललं असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 मध्ये गिरनार ट्रेडर्सच्या निकालात सांगितलंय. पण ते पालिकेला ऐकवायला वकील आम्हीच लावायचा.

जुना नगरसेवक : 1978 ला 44व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा मूलभूत हक्क गेला, उरलं घटनेचं कलम 300अ : कायद्याच्या आधाराशिवाय मालमत्ता काढून घेता येत नाही, एवढंच. भांडायचं तर तिथून.

हिरवा पट्टा : आमच्या वॉर्डातलं एकमेव मैदान असंच व्यपगत झालं. मालक सुटला, तिथे टॉवर उभा राहिला, पोरं पार्किंगमध्ये खेळतात, वॉचमन हाकलतो. तुम्ही काय तिथे फुलबाग लावणार होतात? टीडीआर, म्हणजे जागेच्या बदल्यात मिळणारा विकता येणारा बांधकामाचा हक्क, घ्या आणि जागा द्या.

सातगुंठे : सात गुंठ्यांचा टीडीआर विकायला गेलात कधी? समोरचा बिल्डर भाव पाडूनच मागतो, त्याला माहीत असतं आपण अडलोय ते. टॉवरचं मात्र मान्य, खोटं कशाला बोलू.

जुना नगरसेवक : सातबाऱ्यावर नावं किती? सगळ्यांच्या सह्यांनी नोटीस द्या, नाहीतर पहिली हरकत तिथेच निघते.

सातगुंठे : वडील आणि तीन आत्या. धाकटी सही करत नाही. म्हणते, मैदानच होऊ दे.