तत्त्वज्ञानाच्या अभ्यासासाठी फुकट पण रीतसर वाचायला कुठे मिळेल?

चोपड्याची_लेक
नमस्कार, मी एम.ए. दुसऱ्या वर्षाला आहे, तत्त्वज्ञ के. सी. भट्टाचार्य यांच्यावर लिहितेय. आमच्या लायब्ररीत गाइडं ढीगभर पण जर्नल एकही येत नाही, आणि नेटवर लेख उघडायला गेलं की एकेकाचे 35-40 डॉलर मागतात, वडील केळीवाले, यंदा भाव पडलाय, त्यांना काय सांगू? चोरीच्या पीडीएफ नकोत. कुणी मार्ग दाखवा ना.

अमळनेरकर
ताई, त्यांचं 'द सब्जेक्ट ॲज फ्रीडम' 1930 ला आपल्या अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरानेच छापलंय! प्रताप शेठजींनी 1916 ला काढलेली संस्था, भट्टाचार्य स्वतः इथे होते. ते 1949 ला गेले, आपल्या कायद्याने लेखकानंतर 60 वर्षं हक्क राहतो, म्हणजे 2010 पासून त्यांचं लिखाण सगळ्यांसाठी मोकळं आहे, बिनघोर उतरवून घ्या. इंटरनेट आर्काइव्हवर शोधा, जुन्या पुस्तकांचे स्कॅन तिथे फुकट असतात, फक्त जुन्या स्कॅनची नावं कशीही टाइप केलेली असतात, भट्टाचार्यच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये शेवटच्या ए-आधी दोन वाय टाकून बघा, नाही आलं तर एक काढून बघा, तरी नाही आलं तर नुसतं पुस्तकाचं नाव टाका. आणि एकदा एसटीने इकडे येऊनच जा, जवळच तर आहे.

धुळे_वाचक
जुनं झालं, नव्यासाठी मी सांगतो. आधी स्टॅनफर्ड एन्सायक्लोपीडिया, म्हणजे तत्त्वज्ञानाचा नेटवरचा कोश, 1995 पासून चालू आहे, पूर्ण फुकट, त्या त्या विषयाच्या जाणकाराकडून लिहून घेतात. भट्टाचार्य जर्मन तत्त्वज्ञ कांटशी सतत झगडतात म्हणून कांटवरचे लेख वाचाच, आणि खरा माल खालच्या संदर्भयादीत असतो. त्यातलं एकेक नाव फिलपेपर्सवर, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या लेखांच्या नेटवरच्या सूचीत टाका, पुष्कळदा लेखकाने स्वतः ठेवलेली प्रत तिथेच मिळते. नाहीच मिळाली तर जेस्टोरवर, म्हणजे जर्नलांच्या नेटवरच्या साठ्यावर, आपलं फुकट खातं उघडा, महिन्याला 100 लेख ऑनलाइन वाचता येतात, डाउनलोड होत नाहीत, वहीत टिपणं काढा.

सातपुडा_७७
शोधगंगा विसरू नका, देशभरच्या विद्यापीठांचे पीएचडी प्रबंध आहेत तिथे. प्रकरणं वेगवेगळ्या फाइलींत असतात, संदर्भसूचीची फाइल आधी उघडा, दर्जा सारखा नसतो म्हणून उतारे मूळ पुस्तकातूनच घ्या. आणि मराठी शब्दांसाठी अडलं तर मराठी विश्वकोश नेटवर आहे, 'सब्जेक्ट'ला 'विषय' लिहून बसाल तर अर्थ पार उलटा होईल, तत्त्वज्ञानात 'विषय' म्हणजे 'ऑब्जेक्ट', 'ज्ञाता' किंवा 'विषयी' लिहा.

चोपड्याची_लेक
सापडलं दादा!! एक वाय काढल्यावर आलं. आणि 'विषय'चं बरं सांगितलं, मी पहिल्या प्रकरणात तेच लिहिलं होतं, आज रात्री बसून बदलते. रविवारी अमळनेरला येतेय, मंदिर उघडं असतं का तेवढं सांगजा.