मे महिन्यात इटलीची तळी + स्विस आल्प्स, स्वतः गाडी चालवून. प्लॅन बघून सांगा प्लीज

रानवाट:
मंडळी, मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात इटलीतली तळी आणि स्वित्झर्लंडचे डोंगर असं भाड्याची गाडी घेऊन करायचं जवळजवळ ठरलंय. आम्ही दोघं, सासूबाई (गुडघ्यांचा त्रास, चालतात पण जिने नकोत) आणि आठ वर्षांची लेक. मिलानच्या माल्पेन्सा विमानतळावर उतरणार, परतही तिथूनच. अकरा रात्री आहेत. नवऱ्याने एक्सेलमध्ये केलेला प्लॅन: कोमो 2, गार्डा 2, तिथून स्टेल्व्हियो पास करून (त्या 48 वळणांचे व्हिडिओ बघून बघून वेड लागलंय त्याला) सेंट मॉरिट्झ 1, लुझर्न 2, इंटरलाकेन 2, झरमॅट 1, माज्जोरे 1.

मला शीट बघूनच दम लागला. हे जास्त होतंय का, मे मध्ये घाट उघडे असतात का, आपलं लायसन्स चालतं का, इटलीत घेतलेली गाडी स्वित्झर्लंडमध्ये नेऊ देतात का, एवढं सांगा. आणि ट्रेननेच जा असं कृपया कुणी सांगू नका, ते भावोजींकडून ऐकून झालंय.

घाटपांडे_नव्हे:
जास्त होतंय का काय विचारता, अकरा रात्रीत सात हॉटेलं म्हणजे सासूबाईंना फक्त लिफ्ट आणि बॅगा दिसणार.

आधी वाईट बातमी. स्टेल्व्हियो 2,757 मीटरवर आहे आणि तो साधारण मेच्या शेवटी किंवा जूनमध्ये उघडतो, तेही त्या वर्षी बर्फ किती पडलाय त्यावर. फुर्का, ग्रिम्सेल, सुस्टेन हे व्हिडिओतले बाकीचे हिरोही तसेच, जून ते ऑक्टोबर धरून चाला. म्हणजे तुमच्या तारखांना या घाटांवर अख्खा प्लॅन टांगून ठेवण्यात अर्थ नाही, कारण घाट बंद असला की वळसा घालण्यात दिवस जातो. स्टेल्व्हियो गेला की गार्डाला जायचं कारणही तसं संपतं, ते कोमोपासून पूर्वेला बरंच लांब आहे, आणि झरमॅटमध्ये गाड्यांना बंदी आहे, खालच्या टेश गावात गाडी लावून ट्रेननेच वर जावं लागतं, एका रात्रीसाठी हा खटाटोप कशाला.

माझं मत, तीन मुक्काम करा. स्ट्रेझा किंवा आसपास (माज्जोरे) 3 रात्री, लाउटरब्रुनेन किंवा इंटरलाकेनजवळ 4, कोमोवर मेनाज्जो 4. उतरल्या दिवशी दमलेलं असताना लांब गाडी चालवायची नाही, आणि माल्पेन्साहून स्ट्रेझा पाऊण-एक तासात येतं, म्हणून माज्जोरे पहिलं.

आता जायचं कसं. स्ट्रेझाहून दोमोदोसोला, तिथून सिम्प्लॉन पास. हा 2,005 मीटरच आहे आणि सहसा वर्षभर चालू असतो, रस्ता रुंद, ज्याने आपले घाट चालवलेत त्याला काहीच वाटणार नाही पण दृश्य मात्र अस्सल आल्प्सचं. खाली ब्रिगला उतरलात की गोपेनश्टाइनला जा आणि तिथे गाडीसकट ट्रेनमध्ये चढा! गाडी ट्रेनवर चढवायची, आत बसूनच राहायचं, पंधरा-वीस मिनिटांत डोंगराखालून कांडरश्टेगला बाहेर. लेकीला सगळ्या ट्रिपमध्ये हेच आवडेल बघा. पुढे वाटेतच ब्लाउझे म्हणून छोटंसं निळंशार तळं आहे, तिकीट आहे पण पाय मोकळे करायला छान, मग थुनच्या तळ्याच्या कडेने इंटरलाकेन.

येताना वेगळा रस्ता: ब्रिएन्झचं तळं, ब्र्युनिग पास (1,008 मीटर, किरकोळ), लुझर्नला जेवण आणि तळ्याकाठी भटकणं, मग गोथार्डचा बोगदा, लुगानो, आणि लुगानोहून पोर्लेझ्झामार्गे थेट मेनाज्जो. असा गोल फिरलात की एकही रस्ता दोनदा लागत नाही.

खिडकीची_सीट:
सांगू नका म्हणालात तरी थोडं सांगतेच :) पूर्ण ट्रेन नको, पण स्वित्झर्लंडमधले चार दिवस गाडी बहुतेक पार्किंगमध्येच उभी राहणार आहे हे धरून चाला. वेंगन आणि म्युरेन दोन्ही गावं गाड्यांविना आहेत, युंगफ्राउयोख या उंच खिंडीला (3,454 मीटर) रेल्वेशिवाय जाताच येत नाही, ग्रिंडेलवाल्डलाही टर्मिनलवर गाडी लावून केबलकारच. गाडीचं भाडं चालू, पार्किंगचे पैसे चालू, वर रेल्वेची तिकिटं चालू. स्विस ट्रॅव्हल पास घेतला असता तर आई-बाबांबरोबर सोळाच्या आतलं मूल फॅमिली कार्डवर फुकट आणि तळ्यातल्या बोटीही त्यातच.

बाकी एक, मे मध्ये बऱ्याच केबलकार वार्षिक दुरुस्तीसाठी बंद असतात. प्रत्येकीच्या साइटवर तारखा दिलेल्या असतात, हॉटेल बुक करायच्या आधी बघा, नंतर नको.

घाटपांडे_नव्हे:
खिडकीताई, मुद्दा बरोबर आहे, दोघं-दोघं असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण गुडघे दुखणारी बाई, चार बॅगा आणि दर गाडी बदलताना प्लॅटफॉर्मची पळापळ, त्यापेक्षा गाडी दारात उभी असलेली बरी. पार्किंगचे पैसे गुडघ्यांच्या खात्यात टाका.

दुसरा_गिअर:
कागदपत्रांचं मी सांगतो. इटलीत मूळ लायसन्सबरोबर आयडीपी (आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट) लागतोच, तो आपल्या आरटीओतून मिळतो आणि वर्षभर चालतो, दोघंही चालवणार असाल तर दोघांचा काढा आणि दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव भाड्याच्या करारात घाला. क्रेडिट कार्ड मुख्य ड्रायव्हरच्याच नावाचं हवं, डिपॉझिट त्यावर अडकवतात, डेबिट कार्डावर काउंटरवरून परत पाठवलेले लोक पाहिलेत. परदेशी व्यवहार चालू करून ठेवा.

गाडी स्वित्झर्लंडला नेता येते, पण बुकिंग करतानाच सीमा ओलांडणार म्हणून सांगा आणि करारावर तसं लिहून घ्या. ऑटोमॅटिक हवी असेल तर मुद्दाम तीच निवडा, तिकडे मॅन्युअल अजून भरपूर. लेकीची उंची 150 सेंटीमीटरच्या आत असणार, म्हणजे बूस्टर सीट दोन्ही देशांत सक्तीची. आणि मोठी एसयूव्ही घ्यायचा मोह टाळा, कोमोच्या पश्चिम किनाऱ्यावर गावागावांत रस्ता इतका चिंचोळा होतो की समोरून बस आली की आरसे मिटवावे लागतात. डिकी मोठी पण अंगाने बारीक अशी स्टेशन वॅगन बघा.

स्विस हायवेला व्हिनेट (टोलचं स्टिकर) लागतं, 40 फ्रँक, दिवसाचं-आठवड्याचं मिळत नाही, एकच वर्षाचं. स्टिकर सीमेजवळच्या पेट्रोल पंपावर मिळतं किंवा ई-व्हिनेट. ई-व्हिनेट नंबरप्लेटला जोडलेलं असतं त्यामुळे गाडी हातात आल्यावरच काढा, आणि स्विस कस्टम्सच्याच साइटवरून, सर्चमध्ये वर येणाऱ्या भलत्या साइट जास्त पैसे लावतात. नसेल आणि पकडलं तर 200 फ्रँक दंड वर व्हिनेटचे वेगळे.

रानवाट:
बाप रे किती डिटेल, खूप थँक्स सगळ्यांना. तीन मुक्कामांचं घरी पास झालं, सासूबाईंनी तर लगेच हो म्हटलं. नवरा थोडा रुसलाय. आता त्याला भीती झेडटीएलची, ऑफिसमधल्या एकाला म्हणे सहा महिन्यांनी दंडाचं पत्र आलं. ते नक्की काय असतं आणि टाळायचं कसं? आणि डोंगरात समोरून गाडी आली तर कुणी थांबायचं?

दुसरा_गिअर:
झेडटीएल म्हणजे इटलीतल्या गावांचा जुना मध्यभाग, तिथे परवानगी असलेल्याच गाड्या जाऊ शकतात. पांढऱ्या पाटीवर लाल गोल आणि वर कॅमेरा. कुणी अडवत नाही, कॅमेरा फोटो काढतो, मग भाड्याची कंपनी तुमचं नाव पालिकेला कळवते आणि त्या कामाची फी तुमच्या कार्डावरून कापते, दंड नंतर वेगळा येतो. मॅपवर भरवसा ठेवू नका. हॉटेल आत असेल तर आधी मेल करून विचारा, ते तुमचा नंबर नोंदवून देतात का ते. नाहीतर गावाबाहेर गाडी लावा आणि चाला.

पार्किंगचे रंग दोन देशांत वेगळे आहेत, इथे लोक गोंधळतात. इटलीत पांढऱ्या रेघा सहसा फुकट, निळ्या पैसे देऊन, पिवळ्या राखीव. स्वित्झर्लंडमध्ये पांढऱ्यांना बहुतेक पैसे पडतात आणि निळ्यात घड्याळाची चकती काचेशी ठेवून साधारण तासभर फुकट.

अरुंद चढावर उतरणाऱ्याने आधी थांबायचं, वर येणाऱ्याला जाऊ द्यायचं. पिवळी पोस्ट बस दिसली तर वाद नको, घाटात ती तीन सुरांचा हॉर्न वाजवत येते आणि निळ्या पाटीवर पिवळं शिंग असलेल्या रस्त्यावर तिचा ड्रायव्हर सांगेल ते ऐकायचं, मागे घ्या म्हणाला तर मागे. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, ऑटोमॅटिकमध्येही खालचा गिअर पकडता येतो. स्विस हायवेला 120, गावाबाहेर 80, गावात 50, आणि तिथले कॅमेरे इटलीपेक्षा कडक. दिवसाही लाइट चालू हवेत.

उंडारणारी:
कोमोबद्दल माझे दोन पैसे. मेनाज्जोत पोचलात की गाडी लावून टाका आणि बोटीने फिरा. बेलाज्जो, वारेन्ना, कादेनाब्बिया सगळं बोटीवर आहे, मधल्या भागाचा दिवसभराचा पासही मिळतो, आणि तळं खरं तर पाण्यावरूनच दिसतं, रस्त्यावरून भिंती आणि बसचा पार्श्वभाग दिसतो. बेलाज्जोच्या सगळ्या फोटोतल्या गल्ल्या म्हणजे पायऱ्या आहेत, सासूबाईंना खाली धक्क्यावर कॉफी घेऊन बसू द्या. व्हिला कार्लोत्ताची बाग मेच्या मध्यापर्यंत अझेलियांनी भरलेली असते, तुम्हाला शेवट शेवट मिळेल, पण तीही उतारावर आहे. स्ट्रेझाला इझोला बेल्ला बेटावरचा राजवाडा बघाच, आतही जिने आहेत मात्र.

शेवटच्या दिवशी मेनाज्जोहून गाडीसकट फेरीने वारेन्नाला उतरा आणि लेक्कोमार्गे माल्पेन्सा, किनाऱ्याचा चिंचोळा रस्ता टळतो. मिलानभोवतीच्या ट्रॅफिकसाठी वेळ हातात ठेवा. आणि गोथार्ड शनिवारी करू नका, एकेकच लेन आहे. मे-जूनमध्ये असेन्शन आणि पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणांच्या सुट्ट्या येतात त्या कॅलेंडरवर बघून घ्या, तेव्हा किलोमीटरच्या किलोमीटर रांग लागते.

रानवाट:
शेवटचा प्रश्न, मग व्हिसा कुणाचा? आणि नवरा विचारतोय की स्टेल्व्हियो चुकून उघडला तर एका दिवसात मेनाज्जोहून जाऊन येता येईल का.

घाटपांडे_नव्हे:
जास्त रात्री जिथे त्या देशाचा. तुमच्या सात इटलीत, चार स्वित्झर्लंडमध्ये, म्हणजे इटलीचा. अपॉइंटमेंट आजच बघायला लागा, मेची गर्दी मोठी असते.

स्टेल्व्हियो: बोर्मिओमार्गे जाऊन येणं होतं, पण अख्खा दिवस जातो आणि ती 48 वळणं पलीकडच्या बाजूला आहेत, त्यासाठी माथा ओलांडून खाली उतरावं लागेल. त्यांना एकट्याला पाठवा, तुम्ही तिघी बोटीवर.