‘ईझी रायडर’मधली लांब फोर्कची गाडी रत्नागिरीत बनवायचीय. चेसिस कापू का?

मिरकरवाडा_डिझेल

मंडळी, नमस्कार. माझं काम बोटींच्या इंजिनांचं. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा मान वर करायला फुरसत नसते, सगळ्यांना इंजिनं त्याच दोन महिन्यांत उघडून हवी असतात. आता नारळी पौर्णिमा झाली, बोटी गेल्या. गॅरेजात मी, एक पोरगा आणि चहाचा थर्मास.

लहानपणी राम आळीत आम्ही केस कापायला जायचो त्या सलूनमध्ये आरशावर एक पोस्टर होतं. एका बाजूला दत्ताचं कॅलेंडर, दुसऱ्या बाजूला श्रीदेवी, आणि मधे हा गोरा माणूस नि त्याची गाडी. पुढचं चाक इतकं पुढे की मला वाटायचं गाडी कुठे तरी धडकून फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्या, ताणला गेलाय. पिक्चर कुठला, माणूस कोण, कुणालाच माहीत नव्हतं. गेल्या वर्षी भाच्याने मोबाइलवर दाखवला. १९६९चा ‘ईझी रायडर’, माणूस पीटर फोंडा, गाडीचं नाव ‘कॅप्टन अमेरिका’. पिक्चर मला निम्मा कळला. गाडी सगळी कळली.

माझ्याकडे १९९४ची बुलेट आहे, बिडाच्या इंजिनाची, एमएच-०८, कागद माझ्याच नावावर. तिची ती गाडी करायची. वेल्डिंग, लेथ, सगळं हाताशी आहे, पण दुचाकीच्या चेसिसला मी कधी हात लावलेला नाही. फोटोवर कोनमापक ठेवून बघितलं तर फोर्क उभ्या रेषेपासून ४५ अंशांच्या आसपास कललेला दिसतो. तेवढा नेक, म्हणजे चेसिसचा हँडल बसतं तो पुढचा भाग, कापून वाकवू का? मूळ गाडीला पुढचा ब्रेक नव्हताच, मग मीही काढून टाकू का? आणि बंदरावरचा फायबरवाला म्हणतो, टाकी दोन दिवसांत फायबरची ओतून देतो. देऊ का त्याला?

चिपळूणचा_लेथवाला

तुमच्यासारखंच पोस्टर मीही बघितलं होतं, फक्त माझं पानाच्या गादीवर होतं. आणि मी गाडी केलीसुद्धा. म्हणून आधी वाईट बातमी.

मी नेक कापला, ४५ला नेला, एका ओळखीच्या वेल्डरकडून जोडून घेतला. दिसायला इतकी देखणी झाली की बायकोसुद्धा दोनदा बाहेर येऊन बघून गेली. बाविसाव्या दिवशी हातखंब्याच्या अलीकडे हँडल डावीकडे ओढायला लागलं. उतरून बघितलं तर नेकच्या खाली वेल्डला लागून केसाएवढी चीर, आणि त्या चिरेतून गंजाचं पाणी उतरलेलं. म्हणजे चीर त्या दिवशीची नव्हती. आधीच्या सरीपासून मी तिच्यावर बसून फिरत होतो. गाडी टेम्पोत घालून घरी आणली. चूक वेल्डरची कमी, माझी जास्त. जोडाला बाजूने त्रिकोणी पट्ट्या द्यायला हव्या होत्या, त्या ‘दिसायला बऱ्या नाहीत’ म्हणून मीच देऊ दिल्या नाहीत.

आता कोनाचं. हँडलच्या दांड्याची रेघ खाली वाढवली तर ती जमिनीला चाकाच्या पुढे भेटते. तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. चाकाची त्रिज्या ३३ सेंमी आणि योकचा ऑफसेट (फोर्क हँडलच्या दांड्याच्या जितका पुढे असतो ते अंतर) ६ सेंमी धरून मी हिशोब केला होता. २७ अंशांना ट्रेल सुमारे १० सेंमी येतो, ३५ला जवळजवळ १६, आणि ४५ला थेट साडेचोवीस. याचा अर्थ रस्त्यावर असा, की ऐंशीच्या वेगाला गाडी तीरासारखी सरळ जाते, पण वेग दहावर आला की हँडल स्वतःच एका बाजूला कोसळतं, दारू प्यायलेल्या माणसाने खांद्यावर मान टाकावी तसं. फोंडाची गाडी अमेरिकेतल्या वाळवंटातल्या रस्त्यांवर चालली. आपल्याकडे आरे-वारेच्या वळणांवर समोरून एसटी आली की काय करणार?

दुसरी गाडी केली तिला ३५ दिले. फोटोत फरक फक्त मला कळतो.

फोर्क लांब करताना जुन्या पाइपला वरून तुकडा जोडून देतो म्हणणारे भेटतील. त्यांना चहा पाजा आणि परत पाठवा. नळी अखंडच हवी. जांभ्याच्या खाणींवर जेसीबी चालतात, त्यांच्या रॅमला (हायड्रॉलिकच्या दांड्याला) हार्ड क्रोम, म्हणजे क्रोमचा जाड थर, करणारे तुम्हाला माहीत असतीलच. जाड भिंतीची सीमलेस (सांधा नसलेली) नळी लेथवर मापात आणून त्यांच्याकडे द्या. माझी तशीच झाली, अजून सील गळलेलं नाही.

पुढचा ब्रेक काढू नका. मूळ गाडीला नव्हता हे खरंच, पण त्यांच्यासमोर म्हैस आडवी येत नव्हती.

जुनं_लोखंड

लेथवाल्यांनी काम सांगितलं, मी इतिहास सांगतो, कारण नक्कल कशाची करतोय ते माहीत असावं.

त्या गाड्या हार्लेच्या कारखान्यातून तशा आलेल्या नाहीत. लिलावात घेतलेल्या पोलिसांच्या जुन्या हार्ले होत्या, पॅनहेड इंजिनाच्या. त्यांना तो आकार दिला लॉस एंजेलिसच्या क्लिफ वॉन आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांनी. पिक्चर जगभर गाजला, पण या दोघांची नावं लोकांपर्यंत पोचायला कित्येक दशकं गेली. चार गाड्या केल्या होत्या, दोन फोंडाच्या आणि दोन त्याच्या जोडीदार नटाच्या, डेनिस हॉपरच्या. एक शेवटच्या प्रसंगात मोडली, उरलेल्या तीन पिक्चर लागायच्या आधीच चोरीला गेल्या. २०१४मध्ये ‘हीच ती’ म्हणून एक गाडी साडेतेरा लाख डॉलरला लिलावात गेली, आणि ती खरी की नाही यावरून लगेच भांडण लागलं. तेव्हा मिरकरवाडाशेठ, तुम्ही कशाशी तंतोतंत जुळवणार? खरी गाडी समोर आहेच कुठे? पडद्यावरची आहे.

आणि पडद्यावरच्या गाड्याही नकलीच असतात. १९६३च्या ‘द ग्रेट एस्केप’मध्ये तारेच्या कुंपणावरून उडी मारते ती ‘जर्मन’ गाडी मुळात ब्रिटिश ट्रायम्फ आहे, जर्मन सैन्याचा वेष चढवलेली. उडीही हिरो स्टीव्ह मॅक्वीनने मारलेली नाही, बड एकिन्स नावाच्या स्टंटमनने मारली.

तुमची खरी अडचण इंजिनाची. पॅनहेड म्हणजे ४५ अंशांत दोन सिलिंडर, १२०० सीसी. बुलेटचा एकच, उभा, ३५० सीसी. त्या चौकटीत बुलेटचं इंजिन म्हणजे मोठ्या भावाचा शर्ट घातलेला पोरगा. काही जण पुढे फायबरचा खोटा सिलिंडर लावतात. माझं मत विचाराल तर लावू नका. एक सिलिंडर असेल तर एकच दिसू दे.

देवगड_फायबर

दादा, आमच्या घरी फायबरच्या होड्या होतात, मी त्यातच वाढले, म्हणून टाकीबद्दल सांगते. बंदरावरचा माणूस साध्या पॉलिएस्टर रेझिनमध्येच ओतणार. होडीला ते उत्तम. पण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल येतं आणि इथेनॉल त्या रेझिनला मऊ करतं. टाकी आतून हळूहळू चिकट होते, तो चिकटा कार्ब्युरेटरमध्ये उतरतो आणि व्हॉल्व्हच्या दांड्यांवर जमतो. आमच्याकडे एकाची आउटबोर्डची (होडीच्या मागे लावायच्या इंजिनाची) टाकी अशी गेली, तळाला हात लावला तर च्युइंगमसारखं बोटाला आलं.

फायबर हवंच असेल तर असं करा. आत पत्र्याची लहान टाकी, वरून फायबरचं टरफल, रंग त्याच्यावर. टाकी वेल्ड झाली की तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने अगदी हलकी हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी फिरवा. बुडबुडा आला की खडूने खूण. पेट्रोल भरून गळती शोधू नका.

चकाकीचंही बोलते. खाऱ्या वाऱ्यात क्रोम टिकतो तो खालच्या निकेलवर. स्वस्तातला प्लेटर निकेलचा नुसता वास देतो, मग दिवाळीपर्यंत फोड येतात. कोल्हापूरला उद्यमनगरात करून घेणार असाल तर निकेल जाड द्या म्हणून आधीच बजावा. नाहीतर सायलेन्सर, सिसी बार (सीटमागची उंच टेकण), हँडल हे सगळं ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचं करून बफ मारा. तुमच्या धंद्यात ३१६ कुठे मिळतं ते मी काय सांगू. ३०४ घेऊ नका, समुद्रावर त्याला चहाचे डाग पडल्यासारखं होतं.

कुडाळचो_बुलेट

रे बाबा, ३५ अंश आणि ४५ अंश करीत बसण्यापेक्षा शोलेची गाडी कर! तुझी ती अमेरिकन गाडी हंय कोण वळाखतलो? गावात नेलंस काय लोक इचारतले, फोर्क कित्याक वाकडो झालो, खय धडाकलंस?

आमच्या वाडीत एकान केल्यान. बुलेटक डाव्या बाजूक साइडकार. पैल्या वरातीक नवरो रुबाबात बसान गेलो. नवऱ्याक उतरवल्यान आणि हो रिकामी साइडकार घेवन डावीकडे वळलो. रिकामी साइडकार डाव्या वळणार उचालता ह्या त्याका कोणी सांगूकच नाय. सिनेमात साइडकार गाण्यात सुटता, हंय ती सरळ गडग्यार चढली. पण लग्नाचे ऑर्डरी अजून येतत हां.

जुनं_लोखंड

कुडाळकर, शोलेतली गाडी बीएसए होती, डब्ल्यूएम-२०, महायुद्धाच्या काळातलं मॉडेल. ४९६ सीसी, साइड-व्हॉल्व्ह (व्हॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला), पुढे गर्डर फोर्क, म्हणजे दांड्या नि स्प्रिंगचा जुन्या पद्धतीचा. बुलेटचा टेलिस्कोपिक (नळीत नळी सरकणारा) फोर्क तसाच ठेवून नुसती साइडकार लावली की ती शोलेची होत नाही, वरातीची होते.

कुडाळचो_बुलेट

वरातीचेच पैशे मिळतत.

दापोली_क्लेम

मी विम्याच्या क्लेमची कामं बघतो, त्यामुळे माझी पोस्ट कुणाला आवडणार नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. आरसीवर कंपनीचं जे वर्णन आहे त्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच पुन्हा ठणकावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक’ हा शब्द दोनदा वाचा आणि तुमचे बदल बोटांवर मोजा. रंग बदलणं वेगळं, त्याची आरटीओत नोंद होते. फोर्क नि फ्रेम ही रंगाची गोष्ट नाही.

शिवाय नेकजवळच चेसिस नंबर असेल आणि ग्राइंडर त्याला लागला, तर गाडी तुमचीच असूनही चोरीची ठरायला वेळ लागत नाही. दंड एक वेळ भराल. पण अपघातात समोरच्याला लागलं आणि कंपनीने गाडीतले बदल दाखवले, तर पुढची वर्षं कोर्टात जातील. माझ्या टेबलावर अशा फाइली आहेत.

करायचीच असेल तर चांगल्या कागदांची चालू बुलेट कापू नका. स्क्रॅपमधलं इंजिन घ्या, चौकट नवीन बांधा, आणि ती रस्त्यावर न आणता टेम्पोतून न्या.

मिरकरवाडा_डिझेल

सगळ्यांचे आभार. दापोलीकरांची पोस्ट वाचून दोन दिवस तोंड कडू होतं, आता उतरलंय. ठरलं ते असं: बुलेट तशीच राहील. भंगारात एक बिडाचं इंजिन मिळतंय, क्रँक जाम आहे, पण उभं करून ठेवायला चालेल (मी ते सुरू करणार हे तुम्हाला कळलंच असेल, गॅरेजच्या आत सुरू करायला कायदा आड येत नाही). चौकट सीमलेसची, नेकला त्रिकोणी पट्ट्या, ३५ अंश. पुढचा ड्रम ब्रेक राहील. टाकी पत्र्याची, टरफल फायबरचं. खोटा सिलिंडर नाही. पोरगा म्हणत होता टाकीवर आपला तिरंगा काढू. त्याला म्हटलं झेंड्याचे नियम आहेत बाबा, ती भानगड नको. मुळातल्यासारखे अमेरिकेच्या झेंड्याचे तारे-पट्टेच काढू, होडीवर नावं काढणारा पेंटर आहे आपला, त्याची रेघ अजून थरथरत नाही.

एक गोष्ट मात्र राहिली. लोखंड कापण्याआधी पूर्ण मापाचा सांगाडा पीव्हीसीच्या पाइपचा केला, बोरिंगच्या कामातले तुकडे पडलेच होते. दोन्ही चाकं लावली आणि ढकलत बाहेर काढला. बुलेटची दोन चाकांमधली लांबी १३७ सेंमी, याची १८८ भरली. गॅरेजच्या दारातून सरळ निघाला, छान निघाला. पुढे आमची पाणंद आहे, दोन्हीकडे जांभ्याचा गडगा, आणि जिथे वळायचं तिथेच शेजारच्या काकूंचं तुळशी वृंदावन. चार वेळा मागे-पुढे केलं. पुढचं चाक दर वेळी वृंदावनालाच जाऊन टेकतं. काकू ओटीवरून बघत होत्या, काही बोलल्या नाहीत, पण आत जाऊन दिवा घेऊन आल्या आणि आम्ही तिथेच उभे असताना लावला.

आता काय करू? रेक, म्हणजे फोर्कचा कल, आणखी कमी करू, की काकूंशी वृंदावन दोन फूट सरकवायचं बोलू?

चिपळूणचा_लेथवाला

३० अंश करा. काकूंशी अजिबात बोलू नका.