पॉवर प्रेसच्या जोखीम तक्त्यावर सही करावी का?

अंबडकर (प्रश्न)

नमस्कार. नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात मी पर्यवेक्षक आहे. आमच्याकडे पाच पॉवर प्रेस (पत्रा दाबून कापणारी व त्याला आकार देणारी यंत्रे) असून त्यांवर वाहनांसाठी लागणारे पत्र्याचे भाग तयार होतात. माल घेणाऱ्या कंपनीने तपासणीपूर्वी प्रत्येक कामाचे जोखीम मूल्यांकन लेखी मागितले आहे. इजेची तीव्रता आणि ती घडण्याची शक्यता यांना १ ते ५ गुण देऊन गुणाकार करायचा, अशी त्यांची पद्धत आहे. डायमध्ये (पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात) बोटे सापडण्याला तीव्रता ५ आणि शक्यता ४ धरून २० आले. पुढच्या रकान्यात "हातमोजे दिले, फलक लावला, प्रशिक्षण दिले" असे लिहून कार्यालयाने शक्यता १ वर आणली आणि २० चे ५ झाले. मला मात्र त्यावर सही करवत नाही, कारण दोन्ही हात डायबाहेर राहावेत म्हणून दिलेल्या प्रेसच्या दोन बटणांपैकी एक बटण रबराने बांधून काम चाललेले मी स्वतः पाहिले आहे. कामगाराला रागावलो, रबर काढले. चार दिवसांनी पुन्हा तेच. तक्ता कसा भरावा आणि प्रत्यक्षात काय करावे?

सातपूरचा जुना टूलरूमवाला

सही केली नाहीत, हे योग्यच केलेत. हातमोजा पत्र्याच्या धारेपासून हात वाचवतो, प्रेसच्या दाबापासून नाही. त्यामुळे या धोक्यासाठी त्याचा उपयोग शून्य धरावा. फलक आणि प्रशिक्षण आवश्यक आहेत, पण दिवसभरात हजारो वेळा तीच हालचाल करणाऱ्या माणसाचे लक्ष एकदाही ढळणार नाही, अशी त्यांची हमी देता येत नाही. आधी हात डायमध्ये घालण्याची गरजच नाहीशी करता येते का ते पाहावे, ते जमले नाही तर गार्ड बसवावा, आणि सूचना व साधने त्यानंतर यावीत.

रबराविषयी मला कामगारापेक्षा प्रेसबद्दल अधिक काळजी वाटते. दोन हातांचे नियंत्रण नीट जोडलेले असेल, तर दोन्ही बटणे जवळजवळ एकाच वेळी, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत, दाबावी लागतात आणि प्रत्येक स्ट्रोकनंतर, म्हणजे प्रेसच्या दर ठोक्यानंतर, दोन्ही सोडावी लागतात. एक बटण बांधलेले असताना प्रेस चालत असेल, तर तुमच्या नियंत्रण जोडणीतच दोष आहे आणि तो दुरुस्त होईपर्यंत ती प्रेस बंद ठेवायला हवी.

दुसरे असे की, क्लच (मोटारीची गती रॅमला, म्हणजे प्रेसच्या खाली-वर होणाऱ्या भागाला, जोडणारा भाग) कोणता आहे ते तपासा. जुन्या पिन क्लचच्या प्रेसमध्ये क्लच एकदा गुंतला की स्ट्रोक पूर्ण होईपर्यंत रॅम थांबत नाही. अशा प्रेसला कोणी प्रकाशपडदा (प्रकाशकिरणांच्या आड हात आला की यंत्र थांबवायला सांगणारे साधन) बसवायला सांगितला, तर तो पैसा वाया जाईल, कारण पडद्याने हात ओळखला तरी रॅम खाली येतच राहील. तिथे डायभोवती बंद गार्डच हवा: पट्टी आत जाईल, बोट जाणार नाही, एवढीच फट ठेवलेला. फ्रिक्शन क्लचच्या, म्हणजे रॅम मध्येच थांबवता येणाऱ्या, प्रेसवर पडदा उपयोगी पडतो, पण थांबायला लागणारा वेळ मोजून तो पुरेशा अंतरावर बसवावा लागतो.

आणि डाय बदलण्याचे काम तक्त्यात वेगळे लिहा. मोटार बंद केली तरी फ्लायव्हील (प्रेसचे जड चाक) बराच वेळ फिरत राहते. ते थांबल्यावर, रॅमखाली सेफ्टी ब्लॉक (तो खाली येऊ न देणारा ठोकळा) ठेवून आणि मुख्य स्विचची किल्ली सेटरच्या (डाय बसवणाऱ्या कारागिराच्या) खिशात असतानाच हात आत जावा.

दिंडोरी रस्ता

मी वाइननिर्मितीत काम करतो. आमच्या तक्त्यातही "टाकी धुणे" एवढाच एक शब्द होता, आणि खरा धोका त्यात दडला होता. लाल वाइन काढून घेतल्यावर उरलेला चोथा उपसायला माणूस टाकीत उतरतो. आंबण्याच्या क्रियेत तयार झालेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे तळाशी साचून राहतो. केवळ ऑक्सिजन मोजणेही पुरेसे नाही: हा वायू ५ टक्के झाला, म्हणजे माणसाला धाप लागून डोके दुखू लागेल इतका, तरी ऑक्सिजन २०.९ वरून १९.९ टक्क्यांपर्यंतच उतरतो आणि मापक १९.५ च्या इशाऱ्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून दोन्ही वायू मोजतो. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६ मध्ये अशा जागी उतरण्यापूर्वी तपासणीवर आधारित लेखी प्रमाणपत्र, किंवा श्वसनयंत्र आणि दोर बाहेरच्या माणसाच्या हाती असलेला पट्टा सांगितला होता. तुमचा व्यवसाय वेगळा आहे, पण नेहमीच्या उत्पादनापेक्षा साफसफाई, अडकलेला तुकडा काढणे आणि दुरुस्ती या ओळी आधी भराव्यात, असे मला मनापासून वाटते.

अंबडकर

दोघांचेही आभार. आज त्या कामगाराशेजारी अर्धा तास उभा राहिलो आणि रबर का बांधतोस, असे या वेळी न रागावता विचारले. डायमधली लोकेटिंग पिन (भाग जागेवर ठेवणारी खुंटी) झिजली असल्यामुळे भाग सरकतो, म्हणून तो एका हाताने धरून ठेवावा लागतो, हे त्याने करून दाखवले. गेले दोन महिने तो हे सेटरला सांगत होता. पिन बदलायला टूलरूमला दिली आहे, प्रेस बंद ठेवली आहे आणि नियंत्रण जोडणी तपासायला इलेक्ट्रिशियनला उद्या बोलावले आहे. आमच्या पाचांपैकी तीन प्रेस पिन क्लचच्या निघाल्या. त्यांच्या गार्डचे माप घेणे सुरू आहे.

तक्त्यात तीव्रता ५ तशीच ठेवली आहे, कारण गार्ड बसल्यावरही सापडलेल्या बोटाची इजा सौम्य होणार नाही. शक्यता मात्र गार्ड प्रत्यक्ष बसून आठवडाभर काम पाहिल्यावरच बदलीन. तोपर्यंत २० हाच आकडा राहील, असे मालकांना लेखी कळवले आहे.