मदत हवी आहे: शवपेटीतून जेल फोडायचा हिचकॉकचा एपिसोड, त्यात बाई होती की बाप्या? (स्पॉयलर आहे)

मंडळी, रहस्यपटवाल्या आल्फ्रेड हिचकॉकच्या टीव्ही मालिकेतल्या एका जुन्या एपिसोडवरून माझं आणि मामाचं जुंपलंय, कोणीतरी निकाल लावा. शेवट सांगितल्याशिवाय प्रश्नच विचारता येत नाहीये, तेव्हा ज्यांना स्वतः बघायचाय त्यांनी इथूनच मागे फिरा.

मला आठवतंय ते असं. एक श्रीमंत, तोऱ्यातली बाई, नवऱ्याच्या खुनासाठी जेलमधे आलेली. तिथे एक म्हातारा कैदी असतो, मेलेल्या कैद्यांना पेटीत घालून बाहेर पुरायचं काम त्याच्याकडे. त्याचे डोळे अधू झालेत, ऑपरेशनला पैसे नाहीत, म्हणून ही त्याला पटवते की पैशाचं मी बघते, तू मला बाहेर काढ. बेत असा की पुढचा कैदी मेला की हिने रात्री अंधारात जाऊन त्याच पेटीत प्रेताशेजारी झोपायचं, पेटी पुरून सगळे निघून गेले की म्हातारा येऊन उकरून काढणार. सगळं ठरल्याप्रमाणे होतं, वर माती पडते, मग सगळं गप्प, ही वाट बघतेय बघतेय आणि शेवटी कंटाळून काडी ओढते, शेजारचं तोंड बघते तर तोच म्हातारा. मी हे नव्वदीत केबलवर पाहिलं आणि नंतर बरेच दिवस पांघरूण तोंडावर घेऊन झोपायची बंद झाले होते.

मामा म्हणतो साफ चूक. तो ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीला होता, तिथे रात्री उशिरा जुने भाग परत लागायचे, त्यात त्याने हाच एपिसोड पाहिलाय आणि त्यात बाई नव्हतीच, तरणाबांड बँक लुटारू होता. शिवाय ब्लॅक अँड व्हाइट. माझा तर रंगीत होता! सुरुवातीला हिचकॉक येऊन बोलतो ना तोसुद्धा रंगीत. त्यावर मामाचा हुकमी एक्का असा की हिचकॉक १९८० सालीच गेला आणि त्याची मालिका तर १९६५ मधे बंद पडली, मग तुझ्या टीव्हीत रंगीत हिचकॉक काय भूत येऊन बोलला का. ह्यावर मला काही बोलताच येईना. पण मी पाहिलाय हो, चांगला आठवतोय.

तर एपिसोडचं नाव काय, आणि आमच्यात खरं कोण बोलतंय?

चहाबाज: ही गोष्ट ट्वायलाइट झोन नावाच्या दुसऱ्या जुन्या मालिकेतली वाटतेय. बाकी व्हॉट्सॲपवर फॉरवर्ड म्हणूनही फिरत असते, त्यात कोणी मेलं की जेलची घंटा वाजते आणि खाली माणसावर भरवसा ठेवू नका वगैरे उपदेश.

रातकिडा: ट्वायलाइट झोन नाही. तिथे रॉड सर्लिंग येऊन बोलायचा आणि बहुतेक गोष्टीत काहीतरी अद्भुत असायचं, ह्यात भुताखेताचं काहीच नाहीये, सगळी माणसाचीच करणी आहे.

एपिसोडचं नाव 'फायनल एस्केप', आणि तुम्ही दोघंही बरोबर आहात. मामांनी पाहिला तो १९६४ चा, 'द आल्फ्रेड हिचकॉक अवर'मधला, त्यात एड बर्न्स लुटारू आणि रॉबर्ट कीथ तो म्हातारा 'डॉक'. १९५५ पासूनची 'आल्फ्रेड हिचकॉक प्रेझेंट्स' अर्ध्या तासाची होती, १९६२ ला ती तासाभराची केली आणि नाव बदललं. तुम्ही पाहिलात तो १९८५ चा. एनबीसी ह्या अमेरिकन चॅनेलने मालिका नव्याने काढली आणि जुन्यातल्या बऱ्याच गोष्टी परत शूट केल्या, त्यात लुटाऱ्याच्या जागी बाई केली, सीझन हबली नावाची नटी.

रंगीत हिचकॉकचं उत्तरही इथेच आहे. माणूस तर गेलेला, मग त्याची जुन्या मालिकेतली काळीपांढरी निवेदनं घेतली, कंप्यूटरवर त्यांना रंग दिला आणि नव्या एपिसोडला पुढे जोडली. म्हणजे मामा भूत म्हणाले ते फारसं चुकलं नाही.

धागाकर्ती: अरे देवा, एवढं साधं होतं तर! मामाला लगेच वाचून दाखवलं, आता म्हणतोय ओरिजिनल ते ओरिजिनल. बरं त्याचंच अजून एक. गाडीचा अपघात होऊन माणूस लुळा पडतो, सगळे मेला समजून शवागारात नेतात, हाही ह्याच मालिकेतला का?

रातकिडा: हो, 'ब्रेकडाउन', १९५५, जोसेफ कॉटन. हा खुद्द हिचकॉकने दिग्दर्शित केलेला. जुन्या 'प्रेझेंट्स' आणि 'अवर' मिळून साडेतीनशेच्या वर भाग झाले, त्यातले त्याने स्वतः केलेले फक्त १८, बाकीच्यांत तो नुसता येऊन तिरकस बोलून जायचा. ह्यातला माणूस सुरुवातीला रडणाऱ्यांना हसत असतो आणि शेवटी डोळ्यातून आलेल्या पाण्यानेच वाचतो. माझ्या मते पेटीच्या गोष्टीपेक्षा हा कितीतरी सरस. पेटीत एकच धक्का आहे, तो एकदा कळला की संपलं. इथे शेवट माहीत असूनही जीव टांगणीला लागतो, कारण त्याच्या मनातलं सगळं आपल्याला ऐकू येतं आणि बाहेर कोणालाच नाही.

सुपारी_कातरी: रातकिडा, सहमत. आणि म्हणूनच मला 'फायनल एस्केप' १९८५ चाच आवडतो, ओरिजिनलवाले मारतील मला पण ठीके. एका काडीपर्यंत पोचायला तास कशाला लागतो, अर्ध्या तासात नेमकं बसतं. मामांची क्षमा मागून.

धागाकर्ती: मामा चिडलाय. म्हणतो आधी जुना बघा मग बोला. तो शोधायचा कसा, मला सारखा नवाच मिळतोय.

रातकिडा: नावापुढे 'हिचकॉक अवर' आणि १९६४ दोन्ही टाका. नुसतं 'प्रेझेंट्स' टाकलंत तर १९८५ चाच येणार, नव्या मालिकेचंही नाव तेच आहे.