मदत हवी आहे: काजव्यांसारखे एका तालात जागे होणारे सेन्सर बागेत गेल्यावर दोन गटांत फुटतायत

नमस्कार मंडळी,

सांगोल्याजवळ आमची दोन एकर डाळिंबाची बाग आहे, तिथे ओलावा मोजायला ९ ईएसपी३२ नोड (रेडिओ असलेल्या छोट्या चिपचे सेन्सर डबे) लावलेत. आधी सगळे मोटारीच्या खोलीतल्या एका नोडकडून वेळ घ्यायचे, पण लाईट गेली की तो बंद आणि मग कोणी कुणाला सापडत नाही, म्हणून म्हटलं मुख्य असा कोणीच नको, आपापसात जुळवू देत. डोक्यात भंडारदऱ्याचे काजवे होते, मृगाच्या आधी गेलेलो, एका सादड्याच्या झाडावरचे काजवे एकदम पेटायचे एकदम विझायचे, सांगणारं कोणी नाही, बराच वेळ तिथून हललोच नाही.

याचं गणित मिरोलो आणि स्ट्रोगॅट्झ यांनी १९९० मध्ये मांडलंय. प्रत्येकाचं आतलं घड्याळ भरलं की तो चमकतो आणि शून्यावर येतो, दुसऱ्याची चमक दिसली की आपलं घड्याळ थोडं पुढे ढकलतो, असं करत सगळे एका तालात येतात. पण त्यात प्रत्येकाला प्रत्येकजण दिसतो असं धरलंय, माझ्या बागेत तसं नाही.

माझ्या नोडची चमक म्हणजे रेडिओवरचा सिग्नल, एका चमकेपासून पुढच्या चमकेपर्यंतची फेरी ६० सेकंदांची, त्यात रेडिओ फक्त ४ सेकंद चालू, कारण चालू असताना तो साधारण १०० मिलिअँप खातो. घरी टेबलावर नऊच्या नऊ एलईडी एकत्र लुकलुकले, आईला बोलावून दाखवलं. बागेत तिसऱ्या दिवशी विहिरीकडचे ५ एका तालात, बांधाकडचे ४ दुसऱ्याच, मध्ये २० सेकंदांचा फरक, आणि आता ते एकमेकांना ऐकूच शकत नाहीत कारण एक चमकतो तेव्हा दुसरा झोपलेला. माझा अंदाज असा की बांधाकडचे डबे उन्हात तापतात, झोपेत घड्याळ चिपच्या आतल्या आरसी ऑसिलेटरवर (ठोके देणाऱ्या साध्या सर्किटवर) चालतं आणि ते तापमानाने सरकतं, त्यात दोन्हीकडचं ऐकणारा नोड मधला एकच, त्याचे तीन-चार सिग्नल चुकले की तुटलंच.

बॅटरी न जाळता यांची परत गाठ कशी घालू? आणि गाठ पडली तर सरकायचं कोणी? हार्वर्डवाल्यांनी २००५ मध्ये रीचबॅक काढलं, ऐकलेली चमक लगेच न वापरता पुढच्या फेरीत लावायची, त्याने इथे फरक पडेल का?

उत्तर: रीचबॅक सिग्नल उशिरा पोचतो त्यावर आहे भाऊ, तुमच्याकडे तो ऐकूच येत नाहीये. प्रत्येक नोडला प्रत्येक फेरीत ६० त १ शक्यता द्या की ती फेरी पूर्ण जागायची. सरासरी ४ चे ५ सेकंद होतील, म्हणजे रेडिओचा खर्च पाव पटच वाढला. सरकायचं कोणी यासाठी चमकेसोबत गटातला सगळ्यात लहान नोड नंबर पाठवा, मोठा नंबरवाला गट सरकेल. फक्त तो नंबर परत ऐकू आला नाही तर मुंग्यांच्या वाटेवरच्या वासासारखा उडून गेला पाहिजे, नाहीतर मेलेल्या नोडच्या नावाने गट चालत राहील.

धागाकर्ता: हे पटलं, खूप आभार! आज रात्रीच बांधाकडच्या चारांवर टाकतो. नंबर किती फेऱ्यांनी उडवू? मधल्याचे तीन-चार सिग्नल रोजच दुपारी चुकतात, तेवढ्यात उडाला तर परत तेच होईल.