अमेरिकी ‘लिबरल’ उमेदवार: उदारमतवादी म्हणावा की डावा?

मुळाक्षर: अमेरिकी अध्यक्षीय उमेदवार फ्रान्समध्ये कसे दिसतात, यावरच्या लेखाचं भाषांतर अडलंय. एकाच परिच्छेदात अमेरिकी ‘लिबरल’ आणि फ्रेंच ‘लिबेराल’. पहिला म्हणतो सरकारनं आरोग्यविम्याचा भार उचलावा, दुसरा म्हणतो सरकारनं बाजारातून अंग काढून घ्यावं. दोघांनाही ‘उदारमतवादी’ लिहिलं तर वाक्याला अर्थच उरत नाही.

कानामात्रा: ‘उदारमतवादी’ आपल्याकडे रानडे-गोखल्यांसाठी रुळलेला शब्द. त्यात सनदशीर मार्ग आहे, समाजसुधारणा आहे, आरोग्यविमा नाही. अमेरिकेत ‘लिबरल’चा अर्थ पालटला तो १९३०च्या दशकात, अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ‘न्यू डील’ या सरकारी मदत-कार्यक्रमापासून. युरोपात जुनाच राहिला. जर्मनीत लिबरल म्हणजे एफडीपी, करकपातीचा आग्रह धरणारा पक्ष. ऑस्ट्रेलियात तर लिबरल पार्टी हीच उजवी, त्यामुळे मेलबर्नच्या वाचकाला अमेरिकेचा लिबरल उलट्या बाजूचा वाटू शकतो.

आधी बोलणारा कुठला ते बघा, मग मुद्दा करांचा आहे की गर्भपाताचा ते बघा. करांचा असेल तर अमेरिकी माणूस ‘डावीकडे झुकलेला’, फ्रेंच माणूस ‘खुल्या बाजाराचा पुरस्कर्ता’. गर्भपाताच्या बाबतीत मात्र दोघांनाही ‘उदारमतवादी’ चालेल.

परखड: ‘डावा’ नकोच. मराठी वाचकाला लगेच लाल बावटा दिसतो. शिवाय तो शब्दही देशागणिक फिरतो. २०१५ साली अमेरिकी अध्यक्षपदासाठी उतरलेले, स्वतःला समाजवादी म्हणवणारे सिनेटर बर्नी सँडर्स प्रचारात डेन्मार्कचा दाखला देत होते. तेव्हा डॅनिश पंतप्रधान लार्स लोके रासमुसेन यांनी हार्वर्डमध्ये स्पष्ट केलं की डेन्मार्कची अर्थव्यवस्था समाजवादी नियोजनाची नाही, बाजाराची आहे. आणि रासमुसेन यांच्या तेव्हाच्या पक्षाचं नाव काय? ‘व्हेन्स्ट्रे’, म्हणजे शब्दशः ‘डावे’! १८७० साली ‘उजव्या’ हुजूरपक्षीयांच्या विरोधात उभा राहिला म्हणून ते नाव. आज तो मध्यम-उजवा आहे.

नुक्ता: लाल बावट्यावरून आठवलं. अमेरिकी नकाशात लाल म्हणजे रिपब्लिकन, हे पक्कं झालं २०००च्या निवडणुकीपासून. १९७६ साली एनबीसी वाहिनीच्या नकाशावर रिपब्लिकन फोर्ड निळे होते, डेमोक्रॅट कार्टर लाल. म्हणून ‘लाल राज्य’ असं लिहू नये, ‘रिपब्लिकनांचा बालेकिल्ला’ लिहावं.

परखड: खरा घोळ ‘उमेदवार’ शब्दात आहे. प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्यासाठी होणाऱ्या मतदानात उतरलेला आणि पक्षाच्या अधिवेशनानं निवडलेला, दोघांनाही एकच शब्द? पहिल्याला ‘इच्छुक’ म्हणा. महापालिकेच्या तिकिटासाठी धडपडणाऱ्यांना आपली वर्तमानपत्रं हेच म्हणतात.

कानामात्रा: इच्छुक पक्षश्रेष्ठींकडे तिकीट मागतो. न्यू हॅम्पशायर राज्याच्या प्रायमरीतला माणूस मतदारांकडे मतं मागतो, अधिवेशनासाठी प्रतिनिधी जमवतो. हा फरक पुसायचा का? शिवाय ‘उमेदवार’ म्हणजे मुळात उमेद बाळगणारा. कचेरीत नोकरीच्या आशेनं काम शिकणारा तो उमेदवार; म्हणून तर ‘उमेदवारी करणे’. प्रायमरीतल्यालाच हा शब्द जास्त शोभतो. अधिवेशनानंतर ‘अधिकृत उमेदवार’ लिहा.

परखड: मग प्रायमरी तरी मराठीत आणा. ‘पक्षांतर्गत निवडणूक’ काय वाईट आहे?

नुक्ता: चुकीचं चित्र उभं राहतं. मिशिगनमध्ये मतदाराची पक्षवार नोंदणीच नसते. तो कोणत्याही एका पक्षाची मतपत्रिका मागू शकतो. त्याला ‘पक्षांतर्गत’ कसं म्हणणार? ‘प्रायमरी’च ठेवा, पहिल्या उल्लेखात एका वाक्यात उलगडून सांगा.

परखड: एक वाक्य लिहायला जागा असेल, तर एक मराठी शब्द रुजवायलाही असते.